पंच्याखालची पाच बोटं

मला परीक्षेत पास करण्यासाठी कोरेगाव तालुक्यातल्या अकरा बायकांनी एका दुपारी जेवढी मेहनत घेतली, तेवढी मी स्वतः आयुष्यात कधी घेतलेली नाही. मुळात परीक्षा नव्हतीच. पण हे त्यांना कळेपर्यंत त्यांनी मला पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले होते आणि माझी दोन वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती.

मी मूळची यवतमाळची. सध्या पुण्यात मानसशास्त्रात पीएच.डी. करते आहे, म्हणजे हॉस्टेलच्या खोलीत बसून वाचते आहे आणि घरचा फोन आला की "चाललंय" म्हणते आहे. मानसशास्त्र म्हटलं की लोक जरा सावरून बसतात. त्यांना वाटतं, आता ही मनातलं ओळखणार. मला अजून मेसमध्ये झाकणाखाली कुठली भाजी आहे तेही ओळखता येत नाही.

माझा विषय असा: नवरा फौजेत आणि आपण गावाकडे, अशा बायकांना एकटेपणा जाणवतो का, आणि किती. सातारा जिल्ह्यात अशा बायका गल्लोगल्ली भेटतात म्हणून जिल्हा ठरला. मोजायला माझ्याकडे वीस वाक्यांची प्रश्नावली होती. मूळची इंग्रजी, मराठी मी केलेली. एकेका वाक्यावर आठ-आठ दिवस घालवलेले. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे. 'मला एकटं वाटतं': कधीच वाटत नसेल तर एक, नेहमी वाटत असेल तर पाच. मधूनमधून उलटी वाक्यं घातलेली, उदाहरणार्थ 'मनातलं बोलायला माझ्याजवळ माणूस आहे'. म्हणजे न वाचता सगळीकडे पाच ठोकणारा माणूस तिथे बरोबर पकडला जातो. या युक्तीचा मला फार अभिमान होता.

निघायच्या आधी आमच्या सरांनी मला समोर बसवलं. सर कधीही आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. "शनिवारपर्यंत तीस फॉर्म आणा," ते म्हणाले. "खरे. भरायचे म्हणून भरलेले नकोत. ते जमलं तर विषय तुमचा. नाही जमलं तर कॉलेजच्या मुलांचं मोबाइलवेड घ्या. मुलं वर्गात बसलेलीच असतात, तासाभरात शंभर फॉर्म होतात."

मला ते मोबाइलवेड नको होतं. मला या बायका हव्या होत्या. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं, पण रडू येईल इतक्या हव्या होत्या.

मंगळवार, कोरेगावजवळचं एक गाव

सोबत रेश्मा होती. रेश्मा तांबोळी ही माझी हॉस्टेलमधली जोडीदारीण, कडेगावची, संख्याशास्त्राची. माझे आकडे तीच बघते. आमची ओळख झाली तेव्हा मी तिला "काय करून राहिली?" असं विचारलं होतं आणि ती दोन दिवस हसत होती. आता तिच्या मुलखात माझी हीच गत होणार हे तिने मला एसटीत बसतानाच सांगून ठेवलं.

आम्ही उतरलो सुमनकाकींकडे. आमच्या मेसच्या मावशींची ही थोरली बहीण. काका चोवीस वर्षं फौजेत काढून आता उसात रमलेले. मुलगा सीमेवर. घरात काकी आणि सून अश्विनी. काकी म्हणजे गल्लीचं न्यायालय. दारात पाय ठेवला तशी त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "किती वाळलीया पोर. आधी जेवा, मंग काय इचारायचं ते इचारा."

जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी आणि ठेचलेल्या हिरव्या मिरचीचा खर्डा. विदर्भाची असल्यामुळे तिखटाच्या बाबतीत माझी मान जरा ताठ असते. आमच्याकडे तिखट तर्रीत असतं, लाल असतं, लांबून दिसतं. इथलं हिरवं, दिसायला गरीब. मी भाकरीच्या पहिल्याच तुकड्यावर भरपूर खर्डा घेतला. नंतरची पाच मिनिटं मला आठवत नाहीत. अश्विनीने माझ्या हातावर दही घातलं एवढं आठवतं.

मग सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, बायका जमल्या. अकरा जणी, सगळ्यांचे नवरे फौजेत. मी फॉर्म वाटले, पेनं वाटली, आणि पाठ केलेली सूचना दिली: कुणाशी बोलू नका, मनात येईल तो आकडा लिहा, बरोबर-चूक काही नसतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर एका मिनिटात अकराही जणी एकमेकींना चिकटून बसल्या आणि चर्चा सुरू झाली. मी मधे पडायला गेले तर काकींनी मला चहा करायला जागेवरून उठवलं. पाहुणीला चुलीपाशी पाठवणं इथल्या रीतीत बसत नाही हे मला माहीत नव्हतं, म्हणून मला ते प्रेम वाटलं.

मी चहा घेऊन परत आले तेव्हा फॉर्म तयार होते. अकरा फॉर्म, वीस-वीस वाक्यं, सगळीकडे पाच. 'मला एकटं वाटतं', पाच. 'मनातलं बोलायला माझ्याजवळ माणूस आहे', पाच. 'माझी कुणाला गरज नाही', पाच. 'सगळे मला जीव लावतात', पाच. एका फॉर्मवर एक दोनचा आकडा खोडून त्यावर ठसठशीत पाच काढलेला.

"ही बया दोन देत हुती," काकी म्हणाल्या. "मी म्हनलं, पोरगी एवढ्या लांबनं आलीया, दोन देऊन तिचं वाटोळं करतीस व्हय? पाचातलं पाच दिल्यात बगा सगळ्यांनी. आता काय आडचण न्हाई."

रेश्मा भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते.

झालं होतं असं. मागे या गावात बचत गटाचं शिबिर झालं होतं. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी असेच एक ते पाच आकड्यांचे कागद वाटले आणि सांगितलं की तुम्ही पाच दिलेत तरच मला पुढचं काम मिळेल. बायकांनी पाच दिले, बाईंना काम मिळालं, पेढे आले. तेव्हापासून एक ते पाच लिहिलेला कागद दिसला की समोरच्या पोरीची परीक्षा चालू आहे आणि तिला पास करायचं आपल्या हातात आहे, हे गावाने पक्कं धरलं होतं. मला चहाला पाठवलं तेही म्हणूनच. जिची परीक्षा तिच्यासमोर मार्क कसे द्यायचे?

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

बुधवार, तोच सोपा

सकाळी मी नव्याने समजावून सांगितलं. परीक्षा माझी नाही, तुमची तर नाहीच नाही. मला खरं हवंय. काकींनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे आमास्नी एकटं वाटतंय का, ते तुला पायजे."

"हो, काकी."

"मंग लिव की. आमच्यात कुनी एकटं नसतंय. ह्या घरात मानूस उठलं की मानूस दिसतंय."

मी एकेकीला वेगळं गाठायचं ठरवलं. हे पुस्तकात लिहिलेलं असतं: मुलाखत शांत, खाजगी जागी घ्यावी. पुस्तक लिहिणाऱ्याने सातारा जिल्ह्यात खाजगी जागा शोधून दाखवावी. पहिलीच्या घरी सासूबाई दारात लसूण सोलायला बसल्या आणि प्रत्येक प्रश्नाला सुनेच्या आधी "न्हाई, न्हाई" म्हणत राहिल्या. दुसरीला मी गच्चीवर नेलं, तर शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "काय इचारत्यात गं? आमाला बी सांग की." तिसरीला घेऊन मी उसाच्या बांधावर गेले. तिथे पाचच मिनिटांत चार बायका आल्या, कारण पुण्याची म्याडम उसात शिरली म्हणजे तिला साप चावणार, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी मला मधे बसवलं आणि चारी बाजूंनी पहारा दिला. चौथी मुलाखत गोठ्यात झाली. म्हशीने फॉर्मचं दुसरं पान खाल्लं.

आता एकटेपणाच्या प्रत्येक वाक्यापुढे एकचा आकडा येऊ लागला. काल सगळं पाच, आज एकटेपणा तळाला टेकलेला. अश्विनीने तर सासूबाईंकडे बघत बघत वीसही उत्तरं दिली आणि प्रत्येक उत्तरानंतर दोघी एकमेकींना पसंतीची मान हलवत होत्या.

आमच्याकडे यवतमाळला शेजारी भांडतात तेही आपापल्या कुंपणाच्या आत राहून. इथे कुंपण दिसलंच नाही. मला ही माणसं मनापासून आवडत होती आणि त्यांच्यामुळेच माझा विषय बुडत होता. संध्याकाळी रेश्माने आकडे पाहिले आणि म्हणाली, "यातून एवढंच निघतंय की या गावात देवमाणसं राहतात. मोबाइलवेडाची तयारी कर."

मी तिच्याशी तासभर बोलले नाही.

गुरुवार, कडेगाव आणि मग सांगली

नवं गाव, नवी युक्ती. जिल्हा सांगली, पण युक्ती पारखायला चालणार होता. कडेगावात रेश्माच्या घरी मी बुटाचं रिकामं खोकं घेतलं, वर फट पाडली आणि रेश्माच्या अम्मीला म्हटलं, ओळखीच्या फौजी घरांतल्या बायकांना बोलवा. त्या सहा जणींना घेऊन आल्या. फॉर्म आपल्या घरी न्या, एकट्याने भरा, घडी घाला, या फटीतून टाका. कुणाचा कुठला, मलाही कळणार नाही. अम्मीने मटण शिजवलं होतं, ते मी शांतपणे जेवले. तासाभरात सहाही फॉर्म खोक्यात पडले.

उघडले तर सहाही फॉर्मवर एकच अक्षर. दोघींचा चष्मा सापडला नव्हता, एकीचे हात पिठात होते, आणि गल्लीतली एक बारावीची मुलगी फार हुशार असल्यामुळे तिने सगळ्यांचे भरून दिले होते. वळणदार अक्षर होतं. कुठे खाडाखोड नाही.

"आता?" रेश्माने विचारलं.

"आता मला कुठेतरी घेऊन चल जिथे फॉर्म नाहीत," मी म्हटलं.

तिने मला सांगलीला नेलं, तिच्या नानांकडे. नाना म्हणजे तिच्या आईचे वडील. जन्मभर त्यांनी हळदीच्या बाजारात अडत दुकानाचे सौदे केले. आता थकलेत, तरी रोज दुपारी मार्केट यार्डात एक फेरी मारतात. आम्हाला ते तिथेच भेटले. थंडी सरत आली होती, नवी हळद यायला लागली होती. यार्डात शिरलं की आधी नाक पिवळं होतं आणि मग बाकीचे आपण. हळकुंडांचे ढीग, पोत्यांच्या थप्प्या, पलीकडे गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, रांगा. मी दोन मिनिटांत सात वेळा शिंकले. नानांनी मोजल्या.

"बेटा, हळदीनं शिंकतंय त्यो मानूस खरा नवा," ते म्हणाले. "बस. भडंग खा."

भडंग खाता खाता मी त्यांना माझी सगळी कहाणी सांगितली. पाचाची, एकाची, खोक्याची, म्हशीची. नाना मधे एकदाही हसले नाहीत. मला जरा राग आला, कारण म्हशीपाशी सगळे हसतात.

"किती आकडं हाईत तुझं?" त्यांनी विचारलं.

"एक ते पाच."

"पाचच?"

"पाचच."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा डावा हात पुढे घ्यायला सांगितला, आणि टॉवेल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. टॉवेलाखाली त्यांनी माझी तीन बोटं मुठीत धरली. सोडली. मग एकच धरलं. मग अख्खा पंजा.

"तीन, एक, पाच," मी म्हटलं.

"तोंडानं बोलू नगं," नाना म्हणाले. "ह्योच तर सौदा व्हता. आमच्या जवानीत भाव असाच ठरायचा. शंभर मानूस भवतीनं हुबं, पर कुनी किती बोटं धरली ते दोघांनाच ठावं. आता ते बंद झालंय, आता उघडी बोली लागती. चांगलंच झालं म्हना, आमी लोकांनी त्यात लबाड्या बी लय केल्या." त्यांनी टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला. "पर एक सांगतो. तोंडानं बोली लावताना मानूस शेजाऱ्याकडं बगतंय. शेजारी चार म्हनला की ह्यो पाच म्हनतोय. हातानं धरताना कुनाकडं बगनार?"

मी रेश्माकडे पाहिलं. रेश्मा माझ्याकडे बघत होती. भडंगाचा घास माझ्या तोंडातच राहिला होता.

लिहिता न येणारीलाही जमेल. चष्मा लागणार नाही. सासू समोर बसली तरी चालेल. गच्चीवरच्या शेजारणीने प्रश्न ऐकले तरी चालतील. वीस प्रश्न, पाच बोटं. मी उठून नानांच्या पाया पडले. ते गडबडले आणि त्यांनी मला आणखी भडंग दिलं.

कृष्णेच्या घाटावर जाऊन मी सरांना फोन लावला. आधी नदीकडे बघत वाक्यं जुळवली, कारण 'सर, मी टॉवेलाखाली बोटं धरून माहिती गोळा करणार आहे' हे वाक्य पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने सहज उच्चारण्यासारखं नाही. शेवटी तेच उच्चारलं. घाटावर एक बाई धुणं आपटत होती, त्याचे ठोके मी मोजत होते.

"प्रत्येकीला सूचना सारखीच द्यायची," सर म्हणाले. "शब्दन् शब्द सारखी. आणि टॉवेल बदलायचा नाही. सगळ्यांना तोच."

मी घाटावर एक उडी मारली. धुणं धुणारी बाई म्हणाली, "आवं, पडशीला की."

बाजारात जाऊन एक पांढरा पंचा घेतला, लाल काठाचा. दुकानदाराने विचारलं, घरात काही कार्य आहे का. मी म्हटलं, हो.

शुक्रवार आणि शनिवार, पुन्हा कोरेगाव

काकींच्या सोप्यात मी चटईवर बसले. समोर एक बाई, आमच्या दोघींच्या हातांवर पंचा. माझ्या उजव्या हातात पेन, डावा हात पंच्याखाली. सूचना एकच: "मी वाक्य वाचेन. तुम्हाला जेवढं पटेल तेवढी माझी बोटं धरा. अजिबात नाही तर एक, नेहमी असेल तर पाची. तोंडाने काही सांगायचं नाही. हे कुणाला कळणार नाही."

पहिली बाई नुसतीच हसत सुटली. तिला गुदगुल्या होत होत्या की मला, ते ठरेना. जमलेल्या सगळ्या जणी खिदळायला लागल्या. मग मी पहिलं वाक्य वाचलं, आणि तिचं हसू चालू असतानाच पंच्याखाली तिने माझी चार बोटं धरली.

दुसरं वाक्य, दोन. उलटं वाक्य आलं, एक. मी लिहीत गेले. आकडे हलत होते, वरखाली होत होते, उलट्या वाक्यांना उलटे होत होते. जिवंत माणसाचे आकडे असेच असतात. रेश्मा दुरून माझा चेहरा बघत होती. मी फक्त एकदा भुवया उडवल्या. ती उठून अंगणात गेली आणि तिथे एकटीच नाचली, असं मला अश्विनीने नंतर सांगितलं.

कुणी किती बोटं धरली ते मी इथे नावानिशी सांगणार नाही, तसा शब्द दिलेला आहे. नावंही बदलली आहेत. एवढंच सांगते की वरून हसणारा चेहरा आणि खाली घट्ट धरलेली बोटं यांचा मेळ मला पहिल्या दहा जणींपर्यंत लागत नव्हता. नंतर मी चेहऱ्यांकडे बघणं सोडून दिलं. अश्विनीही बसली. काकी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या, काही पत्ता लागतो का म्हणून. अश्विनी छताकडे बघत होती.

बातमी वाड्यावस्त्यांवर गेली. शुक्रवारी दुपारी अंगणात रांग लागली. एकजण म्हणाली, "माजा नवरा एसटीत डायवर हाय. त्यो बी घरात नसतोय. मला का नगं?" मला तिला नाही म्हणताना फार जड गेलं. एकीचा नवरा नेमका तेव्हाच व्हिडिओवर आला, पाठीमागे बर्फ, अंगात जाड कोट. त्याने विचारलं काय चाललंय, तिने सांगितलं. "मंग किती धरलीस?" तो म्हणाला.

"सांगायचं नसतंय," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

शनिवारी सकाळी अकरापर्यंत एकोणतीस फॉर्म झाले. तिसावी बाई येणार होती ती माहेरी गेली. रेश्मा दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. कुणी येत नव्हतं. तेवढ्यात सुमनकाकी समोर येऊन बसल्या आणि त्यांनी पंचा स्वतःच्या हातावर ओढून घेतला.

"मला का न्हाई इचारत?"

"काकी, नवरा सध्या फौजेत असलेल्या बायकाच घ्यायच्यात. काका तर घरी आले ना आता."

"चोवीस वर्सं गेला व्हता त्यो. आता ल्योक गेलाय. इचार."

रेश्मा माझ्या कानाशी वाकली. "लिही गं. निवृत्तीचं लिहू नकोस. तीस होतात." खोटं सांगत नाही, क्षणभर मला ते पटलं. पण सरांनी मागितलेली गोष्ट एकच होती, आणि ती तीस नव्हती. मी वेगळा फॉर्म घेतला, वर 'मोजायचा नाही' असं लिहिलं आणि वाक्य वाचलं.

'मला एकटं वाटतं.'

काकींनी माझा पंजा अख्खा धरला. नानांनी धरला होता तसा हलका नव्हे. माझी अंगठी बोटात रुतली. त्यांचा चेहरा नेहमीसारखा होता, गल्लीला न्याय देणारा. अश्विनी दोन हात अंतरावर सुपात घेवडा निवडत होती.

'मनातलं बोलायला माझ्याजवळ माणूस आहे.'

एक बोट. करंगळी.

मी पुढची अठरा वाक्यं कशी वाचली ते मला माहीत नाही. शेवटी काकी माझ्या कानाशी आल्या. "माजं उघड लिवलंस तरी चालंल. लोकास्नी कळू दे. फकस्त अश्विनीला तू तोंडानं सांगू नगंस. तिला मी बगती काय सांगायचं ते."

दुपारी रेश्माने आकडे जुळवून सरांना पाठवले. अर्ध्या तासाने फोन आला. मी आधीच सांगून टाकलं, "सर, तीस नाहीत. एकोणतीस आहेत. एक फॉर्म नियमात बसत नाही, तो मोजलेला नाही."

"एकोणतीस खरे आहेत?"

"हो सर."

कागद चाळल्याचा आवाज आला. "उलट्या वाक्यांना उत्तरं नीट उलटी आलीत," सर म्हणाले. "विषय तुमचा. कामाला लागा. आणि तो न मोजलेला फॉर्म फेकू नका. वेगळा जपून ठेवा."

मी रेश्माला मिठी मारली, अश्विनीला मारली, काकींना मारली आणि चुकून एसटी ड्रायव्हरच्या बायकोलाही मारली. काका उसातून आले होते, ते पटकन मागच्या दाराने गेले. काकींनी पिशवीत दोन किलो घेवडा भरला, वर खर्ड्याचा डबा ठेवला. मी तो हसत घेतला आणि बाकीचं सामान आवरायला लागले. पंच्याची घडी घालत होते तेव्हा काकींनी त्यावर हात ठेवला.

"ह्यो ठिवून जा."

"काकी, अजून पुढची गावं आहेत. सरांनी हाच वापरायला सांगितलंय."

"सरास्नी सांग, आमी घेतला." त्यांनी अश्विनीकडे पाहिलं नाही. आवाज जरा खाली आणला. "आमाला तोंडानं न्हाई जमायचं ते. कवा बोललोच न्हाई तसं."

मी पंचा त्यांच्या हातात दिला. सरांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. तसाच लाल काठाचा दुसरा मिळतोय का ते बघते आहे.

आम्ही एसटीसाठी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि रेश्माच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून थांबलो. मी सहज मागे पाहिलं. सोप्याच्या पायरीवर सासू-सुना बसल्या होत्या. सूप पुढ्यात होतं. अश्विनी एकाच हाताने घेवडा निवडत होती, काकींचाही एकच हात दिसत होता, आणि दोघींच्या मधे लाल काठाचा पंचा पसरला होता.